लोवेल प्लंकेट आडनाव टाकतो

रविवारी भर प्रार्थनेत चर्चमधला ऑर्गन एकदा घोरल्यासारखा आवाज करून बंद पडला. पास्टर ओव्हरबी क्षणभर वर छताकडे बघत राहिले. मग मंडळींकडे वळून म्हणाले, "मंडळी, ऑर्गन प्लंकेटला. आपण तसंच गाऊ या." आणि तिसऱ्या रांगेकडे बघून त्यांनी पुस्ती जोडली, "माफ करा हं, लोवेल."

तिसऱ्या रांगेत लोवेल प्लंकेट बसला होता.

ऑर्गन प्लंकेटला याचं त्याला काही वाटलं नसतं. हार्लन फॉल्समध्ये वस्तू बिघडत नसत, प्लंकेटत. फ्रिज प्लंकेटायचा, गवत कापायचं यंत्र प्लंकेटायचं, एखाद्याच्या जावयाचा धंदा प्लंकेटायचा. ओहायोच्या त्या भागातली माणसं हे क्रियापद इतकं सहज वापरत, की यामागे कोणी हाडामासाची माणसं आहेत हेच ती विसरली होती. लोवेलला ते सोयीचं होतं. पण पास्टरांनी माफी मागितली आणि सगळं चर्च, अगदी मांडीवरच्या पोरांसकट, मागे वळून त्याच्याकडे बघायला लागलं. टिंगल माणूस गिळतो. टिंगलीनंतरची दिलगिरी मात्र घशात अडकते.

या प्लंकेट प्रकरणाचा थोडा खुलासा करायला हवा. लोवेलचे पणजोबा आमोस प्लंकेट आधी घोडागाड्या करायचे. मग त्यांनी घोडा काढून टाकला आणि इंजिन बसवलं. ही प्लंकेट मोटार सुरुवातीला डॉक्टर घ्यायचे, कारण ती वेळेवर पोचायची, आणि अंत्यविधीवाले घ्यायचे, कारण ती हादरायची नाही. म्हणजे जगवायला येणारा आणि पोचवायला येणारा, दोघंही प्लंकेटमधूनच यायचे. महायुद्धानंतर तर दारात प्लंकेट उभी असणं हा चारित्र्याचा दाखला झाला. मुलगी बघायला आलेल्या पोराला आधी खिडकीतून बघत, आणि तो प्लंकेटमधून उतरला असेल तरच दार उघडत.

मग कंपनीने स्वॉन काढली. बॉनेटवर रुपेरी हंस, मागे निमुळती होत गेलेली पाठ, दारं अशी की उघडताना माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटावं. उभी असताना स्वॉनसारखी देखणी गाडी अमेरिकेत दुसरी झाली नाही. अडचण एवढीच होती, की बहुतेक वेळ ती उभीच असायची. काच खाली केली की दाराच्या पोटात जाऊन पडायची. वायपर फक्त उन्हात चालायचे. आणि डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा. कंपनीने माहितीपत्रकात ही सुरक्षिततेची सोय आहे असं छापलं होतं, पण कोणी फसलं नाही.

लोवेल दुधाचे दात पडायच्या वयाचा होता तेव्हा कारखाना बंद पडला. गावातली निम्मी माणसं तिथे कामाला होती. गंमत म्हणजे सगळ्यात जोरात विनोद त्यांनीच सुरू केले. "दोन प्लंकेटची टक्कर का होत नाही? दुसरी कायम गॅरेजात असते म्हणून." ज्याने स्वतःच्या हाताने स्वॉनची दारं बसवली, तो दारांवर सगळ्यात मोठ्याने हसायचा. हसलं की दोष आपल्याकडे राहत नाही, सरळ आडनावाकडे जातो.

आणि ते आडनाव जवळजवळ एकट्या लोवेलच्या नशिबी आलं होतं. त्यात तो डोळ्यांचा डॉक्टर. म्हणजे ऑपरेशन करणारा नव्हे, डोळे तपासून चष्मा देणारा. दवाखान्यावर पाटी होती, 'प्लंकेट नेत्रतपासणी'. हमरस्त्यावरून जाणारे परगावचे लोक मुद्दाम गाडी थांबवून त्या पाटीखाली फोटो काढून घ्यायचे. "प्लंकेटचे दिवे तर कधी लागलेच नाहीत," एकजण लोवेलच्या देखत बायकोला म्हणाला होता, "आणि हा डोळे बघतो!"

तर त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लोवेलने काटा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी आडनाव बदलणार."

त्याची बायको मार्लिस शाळेत ग्रंथपाल होती. सहसा ती कशानेच दचकायची नाही. "बटाटे घे," ती म्हणाली.

"मी गंभीरपणे बोलतोय, मार्लिस."

"मीही. गार होतायत."

"बावन्न वर्षं सोसलं मी हे नाव!"

"तू जन्मापासून सोसलंस. मी शुद्धीवर असताना घेतलं," मार्लिस म्हणाली. "माझं माहेरचं आडनाव काय वाईट होतं? पण घेतलं ना? आता मी काही बदलणार नाही. सगळ्या टॉवेलांवर 'पी' भरून झालाय."

शेजारच्या गस व्हँडरमोलनला ही बातमी कुंपणापलीकडे कशी पोचली ते देवाला ठाऊक. गस हा रस्ते खात्यातून निवृत्त झालेला, गुडघे दुखरे पण सल्ले ठणठणीत असा माणूस. संध्याकाळी तो झुडपांवरून मान काढून उभा राहिला.

"स्मिथ घे," तो म्हणाला.

"लोवेल स्मिथ नावाचा एक आधीच आहे जिल्ह्यात. तुरुंगात."

"मग माझं घे. व्हँडरमोलन. मला मूलबाळ नाही. वापरलं गेलं तर बरंच."

"गस, पाटीवर मावणार नाही."

"डोळ्यांचा डॉक्टर ना तू? लांब नाव लिही, वरून खाली बारीक बारीक होत जाणारं. लोक रस्त्यातच डोळे तपासून घेतील. तुझं काम वाचलं."

आठवडाभर सगळं गाव लोवेलला नावं सुचवत होतं. न्हाव्याने केस कापता कापता फ्रेंच नाव सुचवलं. दातांच्या डॉक्टरने सुचवलेलं नाव तोंडात यंत्र असल्यामुळे लोवेलला नाकारताच आलं नाही. शेवटी त्याने स्वतःच ठरवलं. ब्राइट! लोवेल ब्राइट. लख्ख, सुटसुटीत, धंद्याला शोभणारं. त्याने आरशासमोर उभं राहून ते सात-आठ वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहिलं. आतून मार्लिस म्हणाली, "कोण आलंय?"

न्यायालयाच्या कचेरीत खिडकीमागे मिसेस टिबेट्स बसत. कुठलाही अर्ज हातात घेताना त्यांचा चेहरा ओला पायमोजा उचलावा तसा व्हायचा.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"वैयक्तिक."

"वैयक्तिक म्हणजे पोलीस मागे आहेत की बायको?"

"दोन्ही नाही. माझं आडनाव प्लंकेट आहे."

मिसेस टिबेट्सनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच माणुसकी उमटली. "असं होय," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न मोडलं होतं, नवरदेव स्वॉनमधून निघाला म्हणून. पोचलाच नाही. तिने दुसऱ्याशी केलं." आणि त्यांनी शिक्का मारला.

पण कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रात नोटीस द्यायला लागते. आपण ज्याच्यापासून पळतोय त्याला आधी पत्ता कळवावा, असा त्यामागचा उदात्त हेतू. नोटीस हरवलेली शेळी आणि जुना पियानो यांच्या मधोमध आली, आणि संपादकाने आपल्या पदरचा मथळा दिला: 'आणखी एक प्लंकेट बंद'.

ही नोटीस कॉर्डेलिया आत्याच्या कानावर केस सेट करायच्या दुकानात गेली. डोक्यावर ते हवेचं टोपलं असताना शेजारणीने तिला ती मोठ्याने वाचून दाखवली, कारण आत्याला हल्ली छापलेलं दिसायचं नाही.

आत्या म्हणजे लोवेलच्या वडिलांची थोरली बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची, लग्न न केलेली, आमोस प्लंकेटची सख्खी नात. गावाबाहेरच्या घरात ती एकटी राहायची आणि शेडमध्ये निळी स्वॉन ठेवून होती. वसंतापर्यंत ती स्वतः स्वॉन चालवत चर्चला यायची, आणि ती येते आहे हे कळलं की रस्त्यावरची माणसं बाजूच्या दुकानांत शिरायची. मग परवान्याच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासायची वेळ आली. लोवेलने तपासले, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले पाहून कागदावर 'नाही' लिहिलं. आत्या महिनाभर रागावली, पण शेवटी ऑपरेशनला कबूल झाली होती. सर्जन डेटन शहरातला, पण नेणार लोवेल, तपासणार लोवेल, औषधाचे थेंब घालणार लोवेल, या अटीवर.

नोटीस निघाली त्या दुपारी लोवेलने तिला फोन केला.

"आत्या, मी लोवेल."

"कुठला लोवेल?"

"अगं, कुठला म्हणजे?"

"मला एकच लोवेल माहीत आहे. तो प्लंकेट आहे. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, आणि परक्या माणसाला मी डोळ्यांत बोट घालू देत नाही. ऑपरेशन रद्द."

फोन ठेवला गेला. ऑपरेशन लांबलं तर आत्या जिन्यावरून पडेल, स्टोव्हवर हात ठेवेल, काय काय होईल हे त्याला धंद्यामुळे इतरांपेक्षा स्पष्ट दिसत होतं. रात्री मार्लिस म्हणाली, "अर्ज मागे घे." पण लोवेलचा स्वाभिमान आता रंगात आला होता, आणि स्वाभिमान एकदा उतारावर लागला की त्याला ब्रेक नसतात. या बाबतीत तोही स्वॉनच.

सुनावणी न्यायाधीश पेनिंग्टन यांच्यापुढे झाली. लोवेलने भाषण पाठ केलं होतं. व्यक्तीची प्रतिष्ठा, नावाचं ओझं, मानसिक स्वास्थ्य, असे तीन भाग. पहिल्या भागाचं पहिलं वाक्य होण्याआधीच न्यायाधीशांनी हात वर केला.

"मिस्टर प्लंकेट, माझा जन्म कुठे झाला माहीत आहे?"

"नाही, महाराज."

"स्वॉनमध्ये. मागच्या सीटवर. हॉस्पिटल समोर दिसत होतं. वडील ढकलत होते, आई शिव्या देत होती, आणि काच दारात पडल्यामुळे मला सर्दी झाली ती अजून आहे." त्यांनी नाक पुसलं. "अर्ज मंजूर."

लोवेल तरंगतच दवाखान्यात आला. त्याने रंगाऱ्याला न्यायालयाचा हुकूम दिला आणि म्हणाला, "यात आहे तसं रंगव." रंगारी आज्ञाधारक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लोवेल कामावर आला तेव्हा रस्त्यापलीकडे माणसांचा घोळका उभा होता, आणि दारावर झळझळीत सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'ब्लाइट नेत्रतपासणी'.

ब्लाइट. म्हणजे पिकावर पडणारा करपा. चहूबाजूंना सोयाबीनची शेतं असलेल्या गावात!

लोवेल हुकूम घेऊन मिसेस टिबेट्सच्या खिडकीवर जवळजवळ आदळला. "मी ब्राइट लिहिलं होतं! मध्ये आर आहे!"

मिसेस टिबेट्सनी त्याचा मूळ अर्ज काढून खिडकीला चिकटवला. "हा आर?"

"अर्थात आर!"

"मला तर एल दिसतोय. डोळे तपासून घ्यायला हवेत."

"कोणाचे?"

"ते तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही सांगा."

दुरुस्तीसाठी नवा अर्ज, नवी नोटीस, नवी तारीख. आणि न्यायाधीश तर मासे धरायला मिशिगनला गेलेले. वाहन परवान्याच्या ऑफिसात लोवेल गेला, तर तिथली मुलगी म्हणाली की जुनं नाव न्यायालयाने रद्द केलंय आणि नवं नाव तुम्ही स्वतःच चूक म्हणताय, तेव्हा सध्या संगणकाच्या मते तुम्ही नाही. "पण मी तुमच्यासमोर उभा आहे!" लोवेल ओरडला. "हो," मुलगी सहानुभूतीने म्हणाली, "माझं तसं काही म्हणणं नाही."

शेतकऱ्यांनी त्याच्याकडे यायचं बंद केलं. एका म्हाताऱ्याने तर फुटक्या चष्म्याला चिकटपट्टी लावली, पण ब्लाइटच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. घराच्या टपालपेटीवर 'ब्लाइट' आणि 'प्लंकेट' अशी दोन नावं दिसल्यावर पास्टर ओव्हरबी केक घेऊन आले आणि मार्लिसला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळ, घरात सगळं ठीक आहे ना?"

हे सगळं असं ऐन भरात असताना एका मंगळवारी दवाखान्यासमोर लाल स्वॉन येऊन थांबली. थांबली म्हणजे, चालकाच्या इच्छेने थांबली. लोवेलने हे दृश्य जन्मात पाहिलं नव्हतं. गाडीतून हिरवा रुमाल डोक्याला बांधलेली, चाळिशीची, हसऱ्या तोंडाची बाई उतरली. तिचं नाव इमेल्डा एस्कोबेडो. ती टेक्सासातल्या सॅन अँटोनिओहून गाडी चालवत आली होती.

"तुम्ही प्लंकेट ना?" तिने असं विचारलं, की लोवेलला आधी ती थट्टा करते आहे असं वाटलं. पण तिचे डोळे चक्क भरून आले होते.

"होतो," तो म्हणाला. "आता ब्लाइट आहे."

"का?"

"तो टायपिंगचा दोष आहे."

"नाही, पण प्लंकेट का सोडलंत?"

यावर भाषणाचे तीन भाग तयार होते, पण लोवेलला एकही आठवेना.

इमेल्डा ही स्वॉनवाल्यांच्या मंडळाची अध्यक्ष निघाली. असं मंडळ आहे हेच हार्लन फॉल्सला ठाऊक नव्हतं. देशभर शेकडो माणसं स्वॉन शोधत, घासत, रंगवत बसली होती. स्वॉनला पन्नास वर्षं होत होती, म्हणून ती सगळी मंडळी ऑगस्टमध्ये तिच्या जन्मगावी येणार होती, आणि मिरवणुकीच्या पुढे त्यांना एक खराखुरा प्लंकेट हवा होता.

"पण बाई, ती गाडी बंद पडते हो!" लोवेल कळवळून म्हणाला.

"सगळ्याच पडतात," इमेल्डा म्हणाली. "माझी नवी गाडी मागच्या वर्षी बंद पडली. पडद्यावर लिहून आलं, 'तज्ज्ञांना भेटा'. तज्ज्ञ म्हणाले, 'कंपनीला विचारा'. कंपनी म्हणाली, 'नवी घ्या'. स्वॉनचं तसं नाही. ती बंद पडली की रस्त्यावरची दहा माणसं जमतात, दहा कारणं सांगतात, आणि दहाही बरोबर असतात! माझ्या नवऱ्याशी माझी ओळख अशीच झाली. तो सातवं कारण होता."

ती गेल्यावर लोवेल बराच वेळ लाल गाडीच्या तेलाच्या डागाकडे बघत बसला.

हार्लन फॉल्स मात्र बसलं नाही. आठ दिवसांत गावाचा नूरच पालटला. खानावळीत 'प्लंकेट पाय' मिळायला लागला. तोच जुना, सफरचंदाचं सारण भरून भाजलेला पाय, पण बशीत ठेवला की एका बाजूने कोसळायचा, आणि लोक कौतुकाने टाळ्या वाजवायचे. ज्या म्हाताऱ्यांनी चाळीस-पन्नास वर्षं कारखान्याला नावं ठेवली, ते माळ्यावरून कंपनीच्या टोप्या काढून घालून फिरायला लागले आणि "ही दारं? मी बसवलीत!" असं छाती काढून सांगायला लागले. क्रियापदाने तर सरळ पक्ष बदलला. "नातवाने परीक्षेत काय प्लंकेटलंय!" असं न्हाव्याने अभिमानाने सांगितलं. आणि लोवेल रस्त्यातून जायला लागला की तीच मंडळी आवाज खाली आणून म्हणायची, "बिचारा. नाव टाकलं त्याने." आयुष्यभर प्लंकेट असल्याबद्दल सोसलेल्या माणसाला आता प्लंकेट नसल्याबद्दल सोसावं लागत होतं.

तो पुन्हा मिसेस टिबेट्सकडे गेला. "मला परत प्लंकेट व्हायचंय," तो शक्य तितक्या रुबाबात म्हणाला.

"रांगेत बसा," त्या म्हणाल्या. "या आठवड्यात प्लंकेट व्हायला आलेले तुम्ही तिसरे."

लोवेलने बाकाकडे बघितलं. बाकावर गस व्हँडरमोलन बसला होता आणि अतिशय बारकाईने स्वतःचे बूट बघत होता.

"गस!"

"अरे, माझी आजी प्लंकेटांकडे स्वयंपाकाला होती," गस बुटांना म्हणाला. "म्हणजे घरचीच. आणि तुला तर नकोच होतं ना? पडून होतं. म्हटलं, वापरलं गेलं तर बरंच."

लोवेल गसशी पुढे चार दिवस बोलला नाही. शिवाय मिसेस टिबेट्सनी नियम दाखवला. एकदा नाव बदललं की वर्षभर पुन्हा हात लावता येत नाही. टायपिंगची चूक दुरुस्त होईल, पण ब्राइटपर्यंतच. प्लंकेट पुढच्या वर्षी. लोवेलने दुरुस्तीचाही अर्ज फाडला. पुढच्या वर्षी प्लंकेट व्हायचंच आहे, तर मध्ये ब्राइट होऊन रंगाऱ्याला कशाला त्रास!

इकडे आत्याने इमेल्डाला कळवलं होतं, की मिरवणुकीच्या पुढे आमोस प्लंकेटची नात स्वतः गाडी चालवेल. हे लोवेलच्या कानावर आलं. तो तडक तिच्या घरी गेला. आत्या ओसरीवर खुर्चीत बसली होती. पाऊलवाटेवर कोणी आलंय एवढंच तिला दिसलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण? आडनाव?"

"ब्लाइट."

"काय?"

"ब्लाइट, आत्या. टायपिंगची चूक."

"सोयाबीनला लागतो तो?"

"तोच."

आत्याचे ओठ थरथरले. मग खांदे. मग ती इतकी हसली, की चष्मा काढून तिला डोळे पुसावे लागले, आणि लोवेलला पाणी आणायला आत पळावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "हसले म्हणून माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"कारखाना बंद पडल्यावर बाबा रोज त्याच गाडीतून बाजारात जायचे," आत्या थोड्या वेळाने म्हणाली. "लोक तोंडावर बोलायचे. गाडी भर चौकात बंद पडायची. बाबा उतरायचे, टोपी काढायचे आणि म्हणायचे, 'माझीच आहे.' दुसरं काही नाही. नुसतं 'माझीच आहे.' आणि तू? तुला एका ऑर्गनचं लागलं!"

लोवेल पायरीवर बसला. शेवटी तो म्हणाला, "तू नको चालवूस, आत्या. पुढे पोरंबाळं असतील. मी चालवतो, तू शेजारी बस."

"ड्रायव्हर म्हणून ये," आत्या म्हणाली. "नातेवाईक म्हणून नको."

मिरवणुकीच्या दिवशी हार्लन फॉल्सने आयुष्यात पाहिल्या नव्हत्या इतक्या स्वॉन एका रांगेत उभ्या होत्या. पिवळ्या, पांढऱ्या, पिस्ता रंगाच्या, ओरेगॉनहून आलेल्या, फ्लोरिडाहून आलेल्या. शाळेचा बँड होता, लिंबूसरबताची गाडी होती, चर्चच्या बायकांचे केक होते. सगळ्यात पुढे आत्याची निळी स्वॉन. आत्या पांढरे हातमोजे घालून राणीसारखी बसलेली. शेजारी लोवेल, टायसकट घामाघूम. निवेदकाने भोंग्यावरून पुकारलं, "आमोस प्लंकेट यांची नात, कुमारी कॉर्डेलिया प्लंकेट! आणि त्यांचा ड्रायव्हर, मिस्टर ब्लाइट!" टाळ्यांच्या कडकडाटात एक शेतकरी टोपी काढून बाजूला सरकला.

न्यायालयाच्या कोपऱ्यावर रस्ता डावीकडे वळतो. आत्याची गाडी वळली आणि हॉर्न वाजला. मागची वळली, तिचाही वाजला. मग पिवळी, मग पांढरी, एकामागून एक, प्रत्येक आपापल्या सुरात. भोपू, तुतारी, बदक, आजारी बैल! बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. माणसं हसता हसता एकमेकांना धरायला लागली. आत्या समोर बघत म्हणाली, "सुरक्षिततेची सोय," आणि लोवेलला असं हसू फुटलं, की त्याचा पाय नको तिथे पडला. स्वॉन एकदा शिंकली आणि मुख्य रस्त्याच्या मधोमध बंद पडली.

जुन्या दिवसांत यावर गावाने हसून घेतलं असतं. पण आज मागच्या सगळ्या गाड्यांची दारं धडाधड उघडली आणि माणसं आनंदाने ओरडत, पाने आणि पक्कडी परजत पुढे धावली. जणू याचसाठी ती एवढ्या लांबून आली होती. बॉनेट उघडलं गेलं. "कार्ब्युरेटर!" "छे, पंप!" "तार सुटलीय!" इमेल्डा कमरेपर्यंत इंजिनात शिरली. टोपीवाले म्हातारे, "सरका, सरका, आम्ही केलीय ही!" म्हणत आले आणि आपापसात भांडायला लागले. गसही आला आणि लोवेलकडे न बघता म्हणाला, "मला वाटतं पेट्रोल नाही." ते होतं. बाकी सगळी कारणं बरोबर होती, तरी गाडी जागची हलेना.

"ढकलू या!" कोणीतरी ओरडलं. कारखान्याचं जुनं फाटक तीन चौकांवर होतं. मिरवणूक तिथे संपायची होती.

लोवेल कोट काढून मागे गेला. मग त्याच्या लक्षात आलं, की स्टिअरिंगवर कोणीच नाही. त्याने वळून बघितलं. आत्या सरकून ड्रायव्हरच्या जागी बसली होती आणि हातमोजे नीट करत होती.

"आत्या, नाही! मी स्वतः सही केलीय! तुला गाडी चालवायला बंदी आहे!"

फुटपाथवरून न्यायाधीश पेनिंग्टन नाक पुसत पुढे आले. "न चालणारी गाडी ही कायद्याने गाडी नव्हे, फर्निचर," ते म्हणाले आणि त्यांनीही बाह्या सरसावल्या. "ढकला."

मग हार्लन फॉल्सने जे पाहिलं त्याचं वर्णन लोक अजून करतात. पुढे न दिसणारी आत्या, मागे डोळ्यांचा डॉक्टर, न्यायाधीश, शेजारी, टेक्सासची बाई आणि दहा-बारा टोप्या. लोवेल ढकलता ढकलता मान वाकडी करून ओरडत होता.

"उजवीकडे, आत्या!"

"मला दिसतंय!"

"दिसत नाहीये! उजवीकडे! सरबताची गाडी!"

"कुठलं सरबत?"

ते आता सगळ्या रस्त्यावर पसरलेलं सरबत. पुढच्या चौकात चर्चच्या कुंड्यांपैकी एक गेली. पास्टर ओव्हरबी उडी मारून वाचले आणि, "काही हरकत नाही, कॉर्डेलिया!" असं ओरडून स्वतःही ढकलायला लागले. गाव दोन्ही बाजूंनी धावत होतं, बँडवाले धावता धावता वाजवत होते, आणि लोवेल सरबताने भिजलेल्या बुटांवर घसरत, धापा टाकत, पोट दुखेपर्यंत हसत होता. गस त्याच्या खांद्याला खांदा लावून ढकलत होता. "अर्ज परत घेतला मी," तो मध्येच पुटपुटला. लोवेलने, दम नसल्यामुळे, नुसती मान हलवली.

स्वॉन फाटकातून आत गेली आणि गवतात थांबली. टोप्या हवेत उडाल्या. आत्याने दार उघडलं, पण उतरायला तिला पायरी सापडेना. लोवेल पुढे झाला, तिचा हात धरून त्याने तिला खाली उतरवलं. निवेदक भोंगा घेऊन धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, दोन शब्द! हे तुमचे ड्रायव्हर—"

"ड्रायव्हर कसला!" आत्या भोंग्यात म्हणाली. गावभर ऐकू गेलं. "धड शंभर पावलं चालवता आली नाही त्याला. भाचा आहे माझा."

लोवेलने चष्मा काढून शर्टाला पुसला. शर्ट सरबताचा असल्यामुळे चष्मा आणखीच खराब झाला.

"सोमवारी येते तुझ्याकडे," आत्या त्याच्या दंडावर रेलून म्हणाली. "डेटनच्या माणसाची वेळ घेऊन ठेव. दोन्ही डोळे उरकून टाकू."

"ये. पण आत्या, नाव अजून वर्षभर ब्लाइटच राहणार आहे. दारावर मोठ्या सोनेरी अक्षरांत आहे."

"असू दे. सध्या मला कुठे वाचता येतंय?" आत्या म्हणाली. "वाचता येईल तेव्हा बघू."